शेवटच्या ओळीची किंमत : ‘आयडीएसपी’च्या साप्ताहिक साथ-अहवालाचे परीक्षण

केंद्र सरकारच्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमातर्फे, म्हणजेच ‘आयडीएसपी’तर्फे, देशभरातील साथींचा साप्ताहिक अहवाल संकेतस्थळावर विनामूल्य प्रसिद्ध केला जातो. कळव्यात दवाखाना चालवणारी एक फॅमिली डॉक्टर म्हणून मी हा अहवाल काही वर्षांपासून नियमाने वाचत आले आहे. ज्या सेवेवर आपल्या सर्वांच्या करातून खर्च होतो आणि जिच्यावर संकटकाळी आपला जीव अवलंबून असू शकतो, तिचे परीक्षण एखाद्या उपाहारगृहाच्या परीक्षणाइतक्याच बारकाईने व्हायला हवे, असे मला वाटते. माझी कसोटी एकच आहे. ओळखीच्या लक्षणांत न बसणारा एखादा आजार, उदाहरणार्थ माणसाला झालेला बर्ड फ्लू, ठाणे परिसरात उद्भवला तर ही सेवा तो वेळेत हेरू शकेल का, आणि माझ्यासारख्या डॉक्टरला वेळेत सावध करू शकेल का?

आधी या सेवेची रचना सांगणे आवश्यक आहे. २००४ साली सुरू झालेला हा कार्यक्रम दिल्लीतील राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राच्या देखरेखीखाली चालतो. गावपातळीवरील आरोग्यसेविका ‘एस’ नमुन्यात केवळ लक्षणांची नोंद करतात, डॉक्टर ‘पी’ नमुन्यात संभाव्य निदान लिहितात आणि प्रयोगशाळा ‘एल’ नमुन्यात खात्रीशीर निष्कर्ष कळवतात. एप्रिल २०२१ पासून ही सारी नोंद ‘आयएचआयपी’ या संगणकीय व्यासपीठावर आली आणि पूर्वी जेथे १८ आजारांची माहिती गोळा होत असे तेथे ती ३३ आजारांची होऊ लागली. या सगळ्या कागदपत्रांत मला सर्वांत मोलाची वाटते ती ‘एस’ नमुन्यातील शेवटची ओळ. ताप, खोकला, जुलाब, कावीळ, अचानक येणारा लुळेपणा अशी ओळखीची लक्षणे संपल्यावर तेथे एक रकाना ठेवलेला आहे : वरीलपैकी कशातही न बसणारी, परंतु ज्यांमुळे रुग्ण दगावला किंवा त्याला रुग्णालयात दाखल करावे लागले अशी असामान्य लक्षणे. डॉक्टरांच्या ‘पी’ नमुन्यातही अशीच एक ओळ आहे. ज्यांनी हा नमुना तयार केला त्यांना आजार नाव घेऊन येत नाही याची पूर्ण जाणीव होती, आणि त्याबद्दल मी त्यांची मनापासून ऋणी आहे.

या ओळीची किंमत कळायची असेल तर बर्ड फ्लूने माणसांमध्ये आजवर कोणकोणती रूपे घेतली ते पाहावे लागते. आपल्या मनातील चित्र असे असते की पोल्ट्रीत काम करणाऱ्या माणसाला जोराचा ताप येतो, खोकला येतो, धाप लागते आणि न्यूमोनिया होतो. हाँगकाँगमध्ये १९९७ साली १८ जणांना ‘एच५एन१’ या बर्ड फ्लूच्या विषाणूची लागण होऊन त्यातील सहा दगावले तेव्हापासून हे चित्र रुजले आहे आणि ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. २००३ साली नेदरलँड्समधील कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लूचा ‘एच७एन७’ हा प्रकार पसरला तेव्हा बाधित ठरलेल्या ८९ माणसांपैकी ७८ जणांचे डोळे आले होते. अनेकांना त्याखेरीज काहीही झाले नव्हते, तरी एका पशुवैद्याचा मात्र न्यूमोनियाने मृत्यू झाला. अमेरिकेत २०२४ साली दुभत्या गाईंच्या आणि कोंबड्यांच्या संपर्कातून बाधित झालेल्या ४५ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ९३ टक्के रुग्णांचे डोळे लाल झालेले होते, ताप निम्म्यांनाच होता आणि श्वसनाची लक्षणे सुमारे एक तृतीयांश रुग्णांतच होती. उलट त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात एका १३ वर्षांच्या मुलीचा आजार डोळे येण्याने आणि तापाने सुरू झाला आणि काही दिवसांतच तिला कृत्रिम श्वसनयंत्रणेवर ठेवावे लागले. सुदैवाने ती बरी झाली.

दक्षिण व्हिएतनाममधील एका कुटुंबाची हकीकत तर प्रत्येक डॉक्टरने लक्षात ठेवावी अशी आहे. २००४ साली तेथील चार वर्षांचा एक मुलगा तीव्र जुलाब, मग झटके आणि बेशुद्धी अशा क्रमाने दगावला. त्याला खोकला किंवा धाप नव्हती, त्यामुळे निदान मेंदूज्वराचे झाले. दोन आठवड्यांपूर्वी त्याची नऊ वर्षांची बहीणही तशाच आजाराने गेली होती. मुलाच्या जपून ठेवलेल्या नमुन्यांत ‘एच५एन१’ विषाणू सापडला तो नंतर, आणि तो मेंदूभोवतालच्या पाण्यातही होता. आपल्या देशातील उदाहरणेही याच जातीची आहेत. मार्च २०२५ मध्ये आंध्र प्रदेशात ‘एच५एन१’मुळे दगावलेल्या दोन वर्षांच्या मुलीला तापासोबत जुलाब आणि झटके होते. पश्चिम बंगालमधील चार वर्षांच्या ज्या मुलाला बर्ड फ्लूच्या ‘एच९एन२’ या प्रकाराची लागण झाल्याचे २०२४ साली निष्पन्न झाले, त्याला पहिल्यांदा डॉक्टरकडे नेले ते ताप आणि पोटदुखीसाठी. नाकातून आणि हिरड्यांतून रक्त येणे हेदेखील या आजाराचे आरंभीचे लक्षण म्हणून नोंदले गेले आहे. आता ठाण्यातील कोणत्याही दवाखान्यात पावसाळ्यात डोळे आलेली, जुलाब होणारी, ताप आलेली माणसे रांगेत बसलेली असतात हे लक्षात घेतले की प्रश्न किती अवघड आहे ते कळते. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये राज्यभर डोळे येण्याची मोठी साथ आली होती. त्या गर्दीत कोंबड्यांच्या गाडीवर क्रेट उतरवणारा एखादा मुलगा लाल डोळे घेऊन आला असता, तर त्याचे वेगळेपण लक्षणांवरून नव्हे, त्याच्या कामावरूनच ओळखता आले असते.

‘एस’ किंवा ‘पी’ नमुन्यात रुग्णाचे काम विचारण्याची सक्ती नाही, ही माझी या सेवेबद्दलची पहिली तक्रार आहे. रुग्ण चिकनच्या दुकानात काम करतो का, तबेल्यात राहतो का, घरी गावठी कोंबड्या आहेत का, अलीकडे मेलेला पक्षी हाताळला का, हे चार प्रश्न विचारायला अर्धे मिनिट लागते. मी ते केसपेपरवर लिहिते, पण सर्वेक्षणाच्या नमुन्यात त्यांना जागा मिळाली असती तर दिल्लीत बसलेल्या विश्लेषकाला शहापूर, मुरबाड आणि भिवंडीतील तीन वेगवेगळ्या दवाखान्यांतील तीन साधे रुग्ण एका धाग्यात ओवता आले असते.

आता प्रत्यक्ष अहवालाकडे वळते. प्रत्येक आठवड्याचा अहवाल एका तक्त्याच्या रूपात असतो. राज्य, जिल्हा, आजाराचे नाव, रुग्ण, मृत्यू, साथ सुरू झाल्याची तारीख, ती कळवल्याची तारीख, सद्यःस्थिती आणि शेवटी शेरा, असे त्याचे रकाने आहेत. बहुतेक ओळी तीव्र अतिसार, अन्नविषबाधा, डेंग्यू, गोवर, कांजिण्या आणि कावीळ यांनी भरलेल्या असतात. नवख्या वाचकाची नजर रुग्णसंख्येवर जाते, पण खरी माहिती शेऱ्यात असते. कोणत्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत, कोणत्या गावात, घरोघरी पाहणी झाली का, पाण्याचे व रुग्णांचे नमुने कोठे पाठवले आणि त्यांतून काय निघाले, हे तेथे दोन-चार वाक्यांत सांगितलेले असते. ही वाक्ये कोरडी असली तरी ती प्रत्यक्ष गावात जाऊन आलेल्या माणसांनी लिहिलेली असतात, आणि समाजमाध्यमांवरील अफवांच्या तुलनेत त्यांची विश्वासार्हता फार वरची आहे. साथ सुरू झाल्याची आणि कळवल्याची अशा दोन्ही तारखा शेजारीशेजारी छापण्याचा प्रामाणिकपणाही मला विशेष वाटतो, कारण त्यामुळे यंत्रणेला किती उशीर झाला हे कोणालाही मोजता येते. मागील आठवड्यांतील उशिरा आलेल्या नोंदीही वेगळ्या दाखवल्या जातात.

मात्र हा अहवाल लोकांपर्यंत पोहोचतो तो अनेकदा कित्येक आठवड्यांनी. गुण द्यायचेच झाले तर विश्वासार्हतेला मी पाचपैकी चार देईन आणि वेळेला दीड. अभ्यासकाला जुना अहवाल चालतो, दवाखान्यातल्या डॉक्टरला चालत नाही. बर्ड फ्लूवरचे ऑसेल्टामिविर हे औषध लक्षणे दिसू लागल्यापासून ४८ तासांत दिले तर त्याचा सर्वाधिक उपयोग होतो, आणि जी सूचना महिन्याने मिळते तिचा त्या रुग्णाला काहीच उपयोग नाही. वर उल्लेखलेल्या बंगालमधील मुलाची लक्षणे जानेवारी २०२४ च्या अखेरीस सुरू झाली होती. भारताकडून जागतिक आरोग्य संघटनेला कळवले गेले ते २२ मे रोजी आणि संघटनेच्या साथवृत्तात ती घटना प्रसिद्ध झाली ११ जूनला. आंतरराष्ट्रीय पातळीवर हा कालावधी अगदी अपवादात्मक मानला जात नाही, हीच चिंतेची बाब आहे. यंत्रणेच्या आतील अधिकाऱ्यांना ‘आयएचआयपी’वर माहिती तातडीने दिसते हे मला ठाऊक आहे. तिचा एक गाळीव, रुग्णाची ओळख उघड न करणारा भाग त्याच दिवशी खासगी डॉक्टरांना दाखवण्यात कोणती अडचण असावी, हे मला समजू शकलेले नाही.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. या अहवालात माणसे आहेत, पक्षी नाहीत. ठाणे जिल्ह्याला बर्ड फ्लू नवा नाही. देशातील पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला. जानेवारी २०२१ मध्ये ठाण्यात मेलेल्या पक्ष्यांच्या नमुन्यांत हा संसर्ग आढळला. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे सुमारे शंभर कोंबड्या दगावल्यानंतर एक किलोमीटरच्या परिघातील सुमारे २५ हजार पक्षी नष्ट करण्याचा निर्णय झाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईला लागून असलेल्या उरण तालुक्यातील चिरनेर येथे पुन्हा तीच कारवाई करावी लागली. या सगळ्याची नोंद पशुसंवर्धन विभागाकडे होते. नमुने पुण्याला आणि तेथून भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत जातात, बाधित क्षेत्र आणि दहा किलोमीटरपर्यंतचे निगराणी क्षेत्र आखले जाते, कोंबड्या नष्ट करणाऱ्या कर्मचाऱ्यांना प्रतिबंधक औषध देऊन त्यांच्यावर दहा दिवस लक्ष ठेवले जाते. ही कार्यपद्धती चांगली आहे आणि तिची अंमलबजावणी करणारे कर्मचारी रात्रीचा दिवस करतात. परंतु चिरनेरमध्ये कोंबड्या मरत असताना उलवे, द्रोणागिरी किंवा नेरूळमधील डॉक्टरने साप्ताहिक साथ-अहवाल उघडला, तर पक्ष्यांमधील या उद्रेकाला तेथे जागाच नाही.

पक्षी आणि प्राणी आधी सांगतात, हे अलीकडचा इतिहास स्पष्टपणे दाखवतो. अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या उत्तर भागात २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गाईंचे दूध अचानक घटू लागले, काही गाईंचे दूध चिकासारखे दाट आणि पिवळसर येऊ लागले, त्यांनी खाणे सोडले. कोणत्याही ओळखीच्या रोगाची चाचणी जुळेना. त्याच गोठ्यांवर मांजरे मरत होती आणि आसपास पक्षीही मेलेले आढळत होते. तेथील पशुवैद्यांनी गाईंच्या दुधाबरोबर मेलेल्या मांजरांचे नमुनेही आयोवा राज्य विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पाठवले म्हणून ‘एच५एन१’ उघडकीस आला. गाईंना हा विषाणू होतो असे तोवर कोणी गृहीतच धरले नव्हते. २५ मार्चला गाईंमधील संसर्ग जाहीर झाला आणि १ एप्रिलला टेक्सासमधील गोठ्यावर काम करणाऱ्या, केवळ डोळे लाल झालेल्या माणसाचे निदान जाहीर झाले. आपल्याकडे डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा येथील वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने मरण पावले, आणि पुढे मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात पाळीव मांजरांमध्येही तो सापडला. ठाण्यातील वस्त्यांत चिकनच्या दुकानांमागे टाकलेल्या अवशेषांवर किती मांजरे जगतात हे आपण सर्वजण पाहतो. ती एकाएकी मरू लागली तर ते कोणाला कळवायचे, हे दुकानदाराला माहीत नसते आणि आरोग्यसेविकेच्या नमुन्यात त्यासाठी जागा नसते. अर्थात प्रत्येक मेलेला पक्षी बर्ड फ्लूचाच असतो असे नाही. मे २०२४ मध्ये घाटकोपरला जे फ्लेमिंगो पडले ते विमानाला धडकून पडले होते. पण हा भेद करण्यासाठीसुद्धा कोणीतरी नोंद घ्यावी लागते.

नाव नसलेल्या आजारांच्या बाबतीत ही सेवा कशी वागते, याचा अंदाज महाराष्ट्रातील घटनांवरून येतो. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतील लोकांचे केस काही दिवसांत गळून टक्कल पडू लागले. आधी शाम्पूवर संशय गेला, मग पाण्यावर, आणि पुढे तपासणीत रुग्णांच्या रक्तात सेलेनियमचे प्रमाण वाढलेले आढळले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः गावांत जाऊन नमुने गोळा केले आणि रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवले. जवळजवळ त्याच सुमारास पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे सिंड्रोम या हातपाय लुळे पाडणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे दोनशेहून अधिक रुग्ण आढळले आणि कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय या जिवाणूचा माग लागला. दोन्ही ठिकाणी प्रथम चटकन जागे झाले ते स्थानिक लोक, स्थानिक डॉक्टर आणि वार्ताहर. ‘आयडीएसपी’ने २००८ पासून वृत्तपत्रे आणि वाहिन्यांवरील बातम्या तपासून पडताळणीसाठी जिल्ह्यांकडे पाठवणारा स्वतंत्र कक्ष ठेवला आहे, तो याच कारणासाठी, आणि ही या सेवेची अतिशय शहाणपणाची व्यवस्था आहे.

मेळघाटातील घटना मात्र मला सर्वाधिक शिकवणारी वाटते. २०१९ च्या आरंभी तेथील १७ महिन्यांच्या एका बालकात ‘एच९एन२’ सापडला. भारतातील माणसामधील ती पहिली नोंद होती. बाळाला ताप, खोकला आणि धाप होती, म्हणजे अशा हजारो बाळांना असते तेच. कोंबड्यांशी संपर्काची माहितीही मिळाली नव्हती. तेथे दुसऱ्याच एका श्वसनविषाणूचा अभ्यास चालू होता आणि आजारी बालकांचे नमुने नियमितपणे घेतले जात होते म्हणूनच ती लागण उघड झाली. ठाण्यात आज तसा नमुना घेतला जाण्याची शक्यता किती? खासगी प्रयोगशाळेतील नेहमीची फ्लूची चाचणी ‘इन्फ्लुएंझा ए’ इतकेच सांगून थांबते, तो नेहमीचा ‘एच१’ किंवा ‘एच३’ नसेल तर पुढे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेपर्यंत नमुना पोहोचायला हवा, आणि केवळ डोळे आलेल्या रुग्णाच्या डोळ्यातील स्राव तपासावा असे सुचवले तर काय उत्तर मिळते याचा अनुभव मी घेतलेला आहे. एका ठिकाणी मला सांगण्यात आले की तसा नमुना स्वीकारण्याची पद्धत नाही.

तुलनेसाठी मी आणखी एक सेवा वापरते, ती म्हणजे १९९४ पासून चालणारी ‘प्रोमेड’ ही आंतरराष्ट्रीय वृत्तसेवा. फेब्रुवारी २००३ मधील सार्सची चाहूल, २०१२ मधील मर्सची पहिली खबर आणि ३० डिसेंबर २०१९ ची वुहानमधील अनोळखी न्यूमोनियाची सूचना तेथे आली होती. माणसे, जनावरे आणि पिके या तिन्हींच्या आजारांना तेथे एकाच छताखाली जागा आहे आणि ‘निदान न झालेला आजार’ असे मथळ्यातच लिहिण्याचा संकोच नाही. जाणकार नियंत्रक प्रत्येक बातमीखाली आपली टिप्पणी जोडतात. या बाबतींत ती आपल्या साप्ताहिक अहवालापेक्षा निर्विवादपणे सरस आहे. परंतु २०२३ साली निधीच्या चणचणीमुळे तिच्या अनेक नियंत्रकांनी काम थांबवले होते, आणि मुंब्रा किंवा दिव्यातील वस्तीपर्यंत तिची नजर पोहोचेल अशी अपेक्षा करणेही योग्य नाही. गावागावांत जाणारी आरोग्यसेविका केवळ आपल्या सरकारी यंत्रणेकडे आहे, आणि म्हणूनच मी उणिवा सांगूनही वापर त्याच सेवेचा करत राहीन.

ज्या डॉक्टरांनी अजून हा अहवाल उघडलेला नाही त्यांनी एक वर्षाचे अहवाल उतरवून घेऊन फक्त ठाणे, पालघर, रायगड आणि नाशिक या चार जिल्ह्यांच्या ओळी वाचाव्यात, कारण आपल्याकडे येणारी भाजी, दूध, कोंबड्या आणि माणसे मुख्यतः याच पट्ट्यातून येतात. त्यासोबत पशुसंवर्धन विभागाच्या घोषणांकडे स्वतंत्रपणे लक्ष ठेवावे लागेल. रुग्ण मला हमखास विचारतात तो प्रश्न, म्हणजे चिकन खावे की नाही, त्याचे उत्तर सोपे आहे : ७० अंश सेल्सिअसपर्यंत आतून पूर्ण शिजलेल्या मांसातून आणि अंड्यातून हा विषाणू पसरत नाही, जपायचे ते कच्चे मांस हाताळताना. अवघड प्रश्न त्या मांसावर सुरी चालवणाऱ्या माणसांचा आहे, आणि त्यांच्यासाठी अहवालात आजही काही नाही.

शेवटची तक्रार भाषेची आणि मांडणीची. अहवाल इंग्रजीत असतो आणि तक्त्यांच्या धारिकेत बंद असतो, त्यामुळे जिल्हावार किंवा लक्षणवार शोध घेणे जिकिरीचे होते. ज्या आशाताईंनी आणि आरोग्यसेविकांनी दारोदार फिरून ही माहिती जमवली, त्यांच्यापर्यंत तिचे फलित मराठीत परत जात नाही. आपण शेवटच्या ओळीत लिहिलेल्या नोंदीचे पुढे काय झाले हे ज्यांना कधीच कळत नाही, त्या पुढच्या वेळी ती ओळ भरतील याची खात्री कशी द्यावी? ठाणे आणि नवी मुंबई महानगरपालिकांनी आपापल्या हद्दीतील नोंदींचे एक पानभर मराठी टिपण दर सोमवारी दवाखाने, औषधांची दुकाने आणि कोंबडी विक्रेते यांना पाठवावे, आणि त्यात मेलेल्या पक्ष्यांची व मांजरांची नोंदही असावी, अशी लेखी सूचना मी माझ्या भागातील आरोग्य केंद्रात दिली आहे.